मातीचं जुनं घर दुरुस्तीनंतरच का पडतंय?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात कुठल्याही गावात जावा, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. आजोबांनी बांधलेलं घर ऐंशी-नव्वद पावसाळे काढून उभं होतं, आम्ही चांगले पैसे घालून सिमेंटचं प्लास्टर केलं, आत फरशी घातली, पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, स्लॅब टाकला, आणि दहा-बारा वर्षांत मागची भिंत बसली की ओ. मग सगळे एका सुरात म्हणतात, माती शेवटी मातीच, पाडा आता. मला हे पटत नाही. माती तीच होती की, तिच्यावरच नव्वद पावसाळे निघाले होते. पडायचं कारण बहुतेक वेळा मातीत नसतंय, अर्धवट केलेल्या बदलात असतंय.

जुन्या घरात प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्यातरी भागाचं काम गुपचूप करत असतो. छप्पर भिंतीला सांभाळतं, चुलीचा धूर छपराच्या लाकडाला सांभाळतो, सारवलेली जमीन खालची ओल सोडून देते म्हणून भिंतीवर लोड येत नाही. यातलं एक काढलं की दुसऱ्याची अडचण सुरू होते, पण ती लगेच दिसत नाही, पाच-सात वर्षांनी दिसते, आणि तोवर आपण विसरलेलो असतो की काय बदललं होतं. ही सगळी साखळी एकदा नीट बघितली तर आपल्या घराला काय करायचं आणि काय नाही हे बरंच कळतं.

आधी एक लक्षात घ्या की बेळगाव जिल्ह्यात जुनं घर म्हणजे एकच प्रकार नाही. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, खानापूर हा घाटाचा पट्टा, मलप्रभा कणकुंबीलाच उगवते, तिथं पाऊस म्हणजे नुसता कोसळतो. बेळगाव शहरात येईस्तोवर तो वर्षाला साधारण १२००-१३०० मिलिमीटर होतो आणि पूर्वेला अथणीकडं गेलं की त्याच्याही निम्म्यावर. म्हणून पश्चिमेला उतरतं छप्पर, जांभ्याचे चिरे, लांब वळचण, आणि चिक्कोडी-रायबाग-अथणीकडं सपाट मातीचं माळवद. जांभ्याचं एक विशेष आहे, खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं सुद्धा तासता येतो, आणि उघड्या हवेत राहिला की हळूहळू घट्ट होत जातो. पूर्वेला काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर घर बांधलं तर भिंती तडकणारच, म्हणून जुनी गावं शक्यतो पांढरीवर किंवा मुरमाड उंचवट्यावर वसलेली दिसतात आणि काळं रान शेतीला सोडलेलं. माळवदावरही पांढरी मातीच घालायचे कारण ती पाणी लवकर आत घेत नाही. तेव्हा खानापूरच्या पाहुण्याचं बघून अथणीत तसंच घर करायचं, किंवा उलट, हे आधीच चुकतंय.

आता छपरापासून सुरुवात करू, कारण बदल बहुतेक तिथूनच आलाय.

आधी गवताची छपरं, मग कुंभाराची नळीची कौलं. नळीची कौलं दिसायला छान पण दरवर्षी पावसाआधी वर चढून परतायला लागतात, तुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, आणि हे काम येणारा माणूस लागतो. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी मशिनवर दाबलेली कौलं करायचा कारखाना काढला आणि ती चपटी, एकात एक अडकणारी कौलं मग सगळीकडं पसरली. खानापूरची चिकणमाती चांगली, त्यामुळं कुंभारकाम, विटा, कौलं हा तिथला जुना धंदा. मंगळुरी कौल सरकत नाही, माकडानं उचकटलं नाही तर वर्षानुवर्षं बघायला लागत नाही, त्याला रीप, म्हणजे कौलाखालची लाकडी पट्टी, नेमक्या अंतरावर लागते म्हणून सुतारकामही सरळ रेषेत आलं. तेव्हाच्या मानानं हा मोठा बदल होता, पण भिंतीला त्याचा त्रास झाला नाही, कारण उतार तसाच राहिला, वळचण तशीच राहिली, आणि कौलांच्या फटीतून हवा खेळायची ती सुद्धा तशीच. हे महत्त्वाचं आहे, बदल म्हणजे वाईटच असं नाही, मूळ काम कायम ठेवून सामान बदललं तर घर ते पचवतं.

मग माकडं. हसू नका, खानापूर भागात कौलं जाऊन पत्रे येण्यात माकडांचा हात सरकारच्या कुठल्याही योजनेपेक्षा मोठा आहे. एका उन्हाळ्यात शंभर कौलं फोडली की माणूस वैतागतो, लाकूडही मिळत नाही, सागवान तोडायला परवानगीच्या मागं फिरायला लागतं, आणि लोखंडी पाइपवर पत्रा दोन दिवसात बसतो. पत्रा तापतो, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही, पण गळत नाही आणि कुणाला वर चढायला लागत नाही. घरात तरुण पोरं गोव्याला नाहीतर बेळगावच्या फाउंड्रीत आणि म्हातारी माणसं घरी, अशा घरात कौलं चाळायला कोण चढणार? त्यामुळं पत्रा घातला म्हणून कुणाला नावं ठेवायला मी जाणार नाही.

स्लॅब त्यामानानं उशिरा आला, आणि उशिरा का आला याला साधं कारण आहे. सिमेंट कित्येक वर्षं कंट्रोलवर होतं, परमिट काढा, वाट बघा, नाहीतर काळ्याबाजारात घ्या. १९८२ ला हा कंट्रोल अर्धवट उठला, १९८९ ला पूर्ण उठला, आणि त्यानंतर तालुक्याच्या दुकानात पैसे टाकले की पोतं मिळायला लागलं. तुमच्या गावातली पहिली स्लॅबची घरं कधीची ते आठवा, बहुतेक त्याच आसपासची निघतील. पैसा कुठून आला ते गावागावात वेगळं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं कुणाची मिलिटरीची पेन्शन, निपाणीकडं तंबाखू, नदीकाठाला ऊस, खानापूरकडं मुंबई-गोव्याची नोकरी. आणि पैसा एकदम येत नाही ना, थोडा थोडा येतो, म्हणून घरही थोडं थोडंच बदलतं. आधी पुढचा सोपा, मग न्हाणी, मग एक खोली. इथंच गोम आहे.

आता मुख्य मुद्दा, भिंत आणि ओल. इथं जरा थांबून वाचा.

मातीची नाहीतर मातीत बांधलेल्या दगडाची भिंत दीड-दोन फूट जाड असते आणि ती कायम थोडी ओली असते. जमिनीतली ओल वर चढते, स्वयंपाकाची वाफ असते, बाहेरून झडीचा पाऊस लागतो. ही ओल आत येते हा प्रॉब्लेमच नाही, ती बाहेर जाते की नाही हा प्रश्न आहे. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असला तर त्याच्या बारीक बारीक छिद्रांतून ओल सुकून निघून जाते, दिवाळी झाली की भिंत पुन्हा कोरडी. सिमेंटचं प्लास्टर घट्ट असतं, त्यातून वाफ फार कमी बाहेर पडते, म्हणजे उन्हात रेनकोट घालून काम केल्यासारखं, बाहेरचं पाणी अडलं पण घाम आतच. शिवाय प्लास्टरला कुठंतरी एक केसाएवढी चीर पडतेच, माती आणि सिमेंट एका मापानं फुगत-आकसत नाहीत, तर त्या चिरेतून पावसाचं पाणी आत जातं आणि परत यायला वाट नाही. आत माती भिजत राहते. कोरडी माती दाबाला चांगली टिकते, पण ओली झाली की तिची ताकद झपाट्यानं कमी होते. वरून बघितलं तर भिंत गुळगुळीत, रंग लावलेला, आणि आत खालचे तीन फूट लगदा. एक दिवस प्लास्टरचा आख्खा पापुद्रा दारासारखा सुटून येतो आणि मागची माती खाली बसलेली दिसते. लोकांना वाटतं भिंत अचानक गेली. अचानक काही नसतंय, कित्येक पावसाळे ती आतून जात होती.

फरशीचंही तसंच. सारवलेल्या जमिनीतून खालची ओल घरभर पसरून सुकून जायची. आपण खाली कॉंक्रीट घालून वर टाइल्स बसवल्या की त्या ओलीला मधून वर यायला जागा राहत नाही, मग ती कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. टाइल्स घातल्यावर दोन-तीन वर्षांत भिंतीला खालून पांढरं क्षार फुटायला लागलं, रंग पोपडे धरायला लागला, तर समजायचं ओल वाट शोधतेय. त्यावर लोक काय करतात, भिंतीलाही तीन फूट टाइल्स लावतात. झालं, आता ओल सहा फुटावर.

आणि न्हाणी-संडास घराच्या आत आल्यापासून पाण्याची लाईन मातीच्या भिंतीतून जायला लागली. चांगली सोय आहे, म्हाताऱ्या माणसांना रात्री परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, जायला लागत नाही, पण एक बारीक गळती भिंतीला झडीच्या पावसापेक्षा जास्त खाते, कारण ती बारा महिने चालू. शक्य असेल तर न्हाणी मागच्या बाजूला वेगळी, विटांची भिंत घालून बांधा, पाइप मातीच्या भिंतीत गाडू नका.

आता वजन. चार इंची स्लॅबचा एक चौरस फूट साधारण तेवीस-चोवीस किलो भरतो. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे चौरस फुटाला तीन-साडेतीन किलो, वासे-रीप धरून थोडं जास्त. फरक बघा. यावर कुणीतरी म्हणणार की मग अथणीकडचं माळवद काय हलकं असतं काय? नाही, फूटभर मातीचं माळवद स्लॅबपेक्षाही जड असतं. पण चांगल्या जुन्या माळवदाच्या घरात ते वजन भिंतीवर नसतंय, लाकडी खांब आणि तुळयांवर असतंय, भिंत नुसती मधली जागा भरायला. भिंत पडली तरी वरचं छप्पर खांबांवर उभं राहतं अशी रचना. जिथं अशी खांबांची चौकट नीट नव्हती आणि जड छप्पर थेट दगड-मातीच्या भिंतींवर होतं तिथं काय होतं ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. आपण दुरुस्तीत नेमकं उलटं करतो, खांब मध्ये येतात, सोफा बसत नाही म्हणून ते काढतो आणि स्लॅबचं बीम मातीच्या भिंतीवर टेकवतो. ज्या भिंतीनं आयुष्यात कधी छप्पर उचललं नव्हतं तिच्यावर म्हातारपणी हे ओझं, त्यात ती खालून ओली.

नव्वदीतल्या स्लॅबचीही गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आता त्याच जुन्या झाल्यात. गावात तेव्हा मिश्रण फावड्यानं, पाणी अंदाजानं, सळईखाली कॉंक्रीटचं कव्हर जेमतेम. पाणी आत शिरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो खालचं कॉंक्रीट ढकलतो आणि पंख्याशेजारी पोपडा पडतो. म्हणून आज खानापूर-बेळगावकडं जवळजवळ प्रत्येक स्लॅबवर परत लोखंडी अँगल मारून उतरता पत्रा घातलेला दिसतो. म्हणजे उतरतं छप्पर काढून सपाट केलं आणि सपाट गळतंय म्हणून वर परत उतरतं बसवलं. आमच्या पावसाला सपाट आवडत नाही हे आजोबांना माहीत होतं.

चुलीच्या धुराबद्दल लोकांना नवल वाटतं. गॅस आला ते चांगलंच झालं, २०१६ नंतर उज्ज्वलामुळं तर वाडी-वस्तीवर पोचला, बायकांचे डोळे आणि छाती वाचली, परत धूर करा असं कुणी म्हणणार नाही. पण तो धूर वासे-तुळया काळ्या करून कोरड्या ठेवायचा, वाळवी आणि भुंगा त्या लाकडाला सहसा लागत नव्हता. धूर थांबला, वर पीव्हीसीचं सीलिंग मारलं, हवा बंद, आणि आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. चूल गेलेल्या घरात लाकडाला तेल-औषध काहीतरी लावायला पाहिजे आणि वर्षातून एकदा टॉर्च घेऊन बघायला पाहिजे, एवढं साधं काम आहे पण कोण करत नाही.

आता वाटणी. आमच्याकडं घराची वाटणी खणावर, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेवर, होते, थोरल्याला दोन खण, धाकट्याला दोन खण, मधे सामायिक भिंत. कागदावर हे सोपं, घराला मात्र अवघड, कारण लाकडी चौकट पूर्ण घराची मिळून एकच असते. धाकटा भाऊ बेळगावात नोकरीला, त्याचे पैसे आधी जमले, त्यानं आपले खण उतरवून स्लॅबचं घर केलं. तुळया मधे कापल्या, कापलेली टोकं सामायिक भिंतीवर टेकवली. थोरल्याचं छप्पर आता एका बाजूनं मोकळं झालं, त्याला धरून ठेवणारं कोण नाही. वर त्याच्या कौलांच्या उताराचं पाणी धाकट्याच्या उंच भिंतीला जाऊन अडतं, तिथं दोघांच्यामधे पन्हळ पाहिजे, पण पन्हळ कुणी घालायची, खर्च कुणाचा, तिचं पाणी कुणाच्या हद्दीत सोडायचं, यावर दोन्ही घरच्या वहिनींचं बोलणं बंद. मग तिथं ताडपत्री, वर दगड. ती सामायिक भिंत सगळ्यात आधी जाते, कुठल्याही गावात बघा.

यात कागदाचाही भाग आहे. ई-स्वत्तु, म्हणजे कर्नाटकातली पंचायतीच्या मालमत्तेची ऑनलाइन नोंद, आल्यापासून पंचायतीचा फॉर्म ९ आणि ११ हा घराचा उतारा असल्याशिवाय कर्ज नाही, योजना नाही, आणि वाटणी तोंडी झालेली असली तर नाव आजोबांचंच. कागद सगळे कन्नडात, घरातल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, पोरगं किंवा पंचायतीतला ओळखीचा माणूस वाचून दाखवतो. ज्याचा कागद आधी झाला त्याचं घर आधी बदलतं, दुसऱ्याचं तसंच राहतं, आणि मधल्या जोडाला त्रास.

रस्त्याचं तर कोण बोलतच नाही. जुन्या घराला रस्त्यावरून वर चढायला पायऱ्या असायच्या, ते उंच जोतं हीच पाण्यापासून राखण. गल्लीत डांबर आलं, त्यावर परत खडी, मग कॉंक्रीट, दर वेळी जुनं न उकरता वरच नवीन. काही दशकांत रस्ता एवढा वर आला की पायऱ्या गडप झाल्या आणि आता पावसात गल्लीचं पाणी उंबऱ्याला टेकतं. घर खाली गेलं नाही, गाव वर आलं. यात घरमालकाचा काही दोष नाही, पण भिंतीचा पाय भिजतो तो त्याचाच. पंचायतीत कॉंक्रीटचं काम मंजूर झालं की नारळ फुटायच्या आधी जाऊन आधीचा थर उकरायला सांगा, नंतर बोलून उपयोग नाही.

हे सगळं असताना २०१९ च्या ऑगस्टचा पूर आला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, एकही नदी शांत नव्हती. मातीची भिंत वरून पडणारा पाऊस सोसते पण पायाशी दोन-चार दिवस साठलेलं पाणी सोसत नाही, आणि बरीच घरं पाणी चढताना नाही, उतरल्यावर पडली, कारण भिजलेल्या भिंतीला बाहेरून धरणारं पाणी गेलं आणि आत वजन तेवढंच राहिलं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले. त्या पैशात जे बसतं तेच गावोगाव उभं राहिलं, एक हॉल, एक-दोन खोल्या, वर स्लॅब. सोपा नाही, कट्टा नाही, धान्याला जागा नाही, म्हैस बाहेर पत्र्याखाली. नदीकाठाला पक्कं घर पाहिजेच होतं, त्यात वाद नाही, पण एका झटक्यात गल्लीच्या गल्ली एकाच नकाशाची झाली, हळूहळू बदलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा मिळालाच नाही.

देवळाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोललं की भांडणं होतात. हलशी-देगावची कदंबांच्या काळातली दगडी देवळं बाराव्या शतकापासून उभी आहेत, आणि आपण गावातलं लाकडी मंडपाचं चांगलं देऊळ जीर्णोद्धार म्हणून पाडून ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्स लावतो, घाम आल्यासारख्या पावसाळाभर त्या ओल्या. कोरीव खांब कुठं जातात ते विचारू नका.

आता ज्यांच्याकडं घर अजून उभं आहे आणि हातात थोडेच पैसे आहेत त्यांनी काय करायचं. पहिला खर्च पाण्यावर करा, रंगावर नाही. वळचण दीड-दोन फूट बाहेर आहे का बघा, नसेल तर पत्रा घालून का असेना वाढवा, पागोळ्या पडतात तिथं भिंतीपासून लांब गटार काढा, अंगणाचा उतार घराकडून बाहेर करा. गल्लीपेक्षा घर खाली गेलं असेल तर भिंतीला लागून उघडी चर ठेवा, सिमेंटनं बंद करू नका. सिमेंटचं प्लास्टर आधीच झालं असेल तर निदान खालचे तीन फूट काढून टाका आणि एक आख्खा उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवा, दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत. मग पाऊस संपल्यावर, थंडीच्या दिवसात, चुन्याचा गिलावा. चुना चांगला भिजवून मुरवलेला पाहिजे, आणि गिलावा केल्यावर पाणी मारत हळू सुकवायचा, कडक उन्हात केला तर भेगा पडणार. वरून चुन्याचीच सफेदी, प्लॅस्टिक पेंट नको, नाहीतर परत तोच रेनकोट.

स्लॅब पाहिजेच असेल तर त्याला त्याचे स्वतःचे कॉलम द्या, पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, आणि जुन्या भिंतीवर काहीही टेकवू नका, मधे चार बोटं फट राहू दे आणि तिच्यावर पत्र्याची टोपी. बरेच लोक आता मागं परड्यात नवीन खोल्या बांधतात आणि पुढचा जुना सोपा तसाच ठेवतात, मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, खर्चही टप्प्याटप्प्यानं होतो.

आणि गवंड्याला बोलवायच्या आधी स्वतः एक काम करा, स्क्रू ड्रायव्हर घ्या, शिडी लावा, आणि प्रत्येक तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक टोचून बघा. लाकूड मधे नाही कुजत, टोकाला कुजतं, जिथं ओल्या भिंतीत गाडलेलं असतंय तिथं. स्क्रू ड्रायव्हर टणकन अडला तर ती तुळई अजून एक पिढी काढेल. भसकन आत गेला तर खाली आधी टेकू द्या, मग टोक कापून नवीन लाकडाचा जोड आणि लोखंडी पट्ट्या, आणि ती बसवताना टोकाच्या दोन्ही बाजूला हवेला बोटभर जागा सोडायला सुताराला सांगा.